मेणबत्तीची बरणी

संपादकांना लेख हवा होता सातविणीवर. तिच्या सालीचा कडू काढा तापावर द्यायची रीत आपल्याकडे जुनी. पण अशी झाडं हिवतापासाठी तपासतात कशी, हे धुंडाळताना मी अडकलो एका काचेच्या बरणीत.

हिवतापाचा सर्वांत जीवघेणा परजीवी, प्लाझमोडियम फाल्सिपेरम, प्रयोगशाळेत सलग वाढवणं १९७६ मध्ये जमलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात, विल्यम ट्रेगर आणि जेम्स जेन्सन यांना. माणसाच्या तांबड्या पेशी आणि पोषक द्रव घातलेल्या बशा बरणीत ठेवायच्या, शेजारी मेणबत्ती पेटवायची, झाकण लावायचं. झाकणाची तोटी उघडीच. ज्योत विझली की तोटी बंद. प्राणवायू घटलेला, कार्बन डायॉक्साइड वाढलेला. या जिवाला हीच हवा मानवते. मग ३७ अंशांची ऊब आणि रोज ताजा द्रव. परजीवीला रविवारची सुट्टी ठाऊक नसते. इतक्या फुटकळ सामानावर एवढं काम निघतं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

तपासताना झाडाचा अर्क पातळ पातळ करत परजीवींच्या वेगवेगळ्या खळग्यांत घालतात. दिवसभराने रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी. अंगठीसारखे दिसणारे कोवळे परजीवी वाढले किती, जागीच थिजले किती?

इथून पुढे सगळी कटकट. तोच अर्क माणसाच्या पेशीही मारत असेल तर उपयोग शून्य. अर्क कसा काढला, यावरही निकाल फिरतो. चीनमध्ये संशोधक तू यूयू यांच्या गटाला दवण्याच्याच कुळातल्या एका झुडपाने असंच झुलवलं. उष्णतेने गुण जातो हे ध्यानात घेऊन १९७१ मध्ये कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला, तेव्हा कुठे उंदरांच्या रक्तातले परजीवी नाहीसे झाले. त्यातूनच आर्टेमिसिनिन हे हिवतापावरचं औषध आलं.

आपल्या सातविणीचं काय? कुटकी, काडेचिराईत आणि सागरगोट्याबरोबर ती ‘आयुष-६४’ या गोळीत आहे. व्हायवॅक्स या दुसऱ्या परजीवीच्या हिवतापाच्या रुग्णांवर, क्लोरोक्विन या औषधाशी तुलना करून तिची चाचणी झाली. निष्कर्ष २००० मध्ये छापून आले. अठ्ठाविसाव्या दिवशी क्लोरोक्विनवाले सगळे बरे, गोळीवाले जेमतेम निम्मे. व्हायवॅक्स तर या बरणीत फार काळ टिकतही नाही, आणि रुग्णाच्या यकृतात दडून महिन्यांनी परत उठतो.

मला धास्ती वाटते ती काढा पिऊन स्वस्थ बसणाऱ्यांची. हा ताप पुष्कळदा दिवसाआड आपणहून उतरतो आणि श्रेय काढ्याला जातं. बोट टोचून रक्त तपासलं तरच खरं कळतं, आणि फाल्सिपेरम असेल तर वाट पाहायला फार दिवस मिळत नाहीत.