जेफर्सनला आलेले एक पत्र

अमेरिकेच्या राष्ट्रनिर्मात्यांनी गुलामगिरी का सांभाळली, या प्रश्नाला ‘तो काळच तसा होता’ हे उत्तर इतक्या सहजतेने दिले जाते की, त्याच काळात, थॉमस जेफर्सनच्याच आल्बमार्ल परगण्यात जन्मलेल्या एका जमीनदारपुत्राने हे उत्तर स्वतःच्या आचरणाने खोटे पाडले होते, याचे स्मरणही कोणास राहिलेले नाही.

एडवर्ड कोल्स हे त्याचे नाव. मनुष्य ही मनुष्याची मालमत्ता होऊ शकत नाही, असा निश्चय विद्यार्थिदशेतच करून, वारसा हातचा जाईल या भयाने तो पित्यापासून लपविणारा हा तरुण पुढे राष्ट्राध्यक्ष मॅडिसनचा खासगी चिटणीस झाला. आणि ३१ जुलै १८१४ रोजी त्याने जेफर्सनला पत्र लिहून, सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत असे १७७६ च्या जाहीरनाम्यात ज्याने लिहिले, त्यानेच आता व्हर्जिनियातील गुलामांच्या मुक्तीचे पुढारपण करावे, अशी विनंती केली. जेफर्सन तेव्हा ७१ वर्षांचा होता. आपली मते पूर्वीचीच आहेत, परंतु हे कार्य तरुणांचे. आपल्यापाशी उरली आहे ती केवळ प्रार्थना, असे त्याने कळविले, आणि कोल्सनेही आपले गुलाम व आपला प्रांत सोडून जाऊ नये, असा उपदेश केला. कोल्सने उत्तरादाखल विनयाने, पण नेमक्या ठिकाणी बोट ठेवले: राष्ट्रनिर्मात्यांपैकीच एक असलेला बेंजामिन फ्रँकलिन याहून अधिक वयातही कार्यरत होता.

मुक्त झालेल्या गुलामाने वर्षाच्या आत प्रांत सोडावा, असा व्हर्जिनियाचा १८०६ चा कायदा असल्यामुळे कोल्सने आपल्या गुलामांना बरोबर घेऊन स्वतःच प्रांत सोडला. एप्रिल १८१९ मध्ये, पिट्सबर्गच्या खाली ओहायो नदीतून तराफे वाहत असता त्याने सर्वांना एकत्र बोलाविले आणि ‘तुम्ही आता माझ्याइतकेच स्वतंत्र आहात’ अशा आशयाचे चार शब्द सांगितले. प्रथम कोणाच्या तोंडून शब्द फुटेना. मग हसू आले, मग अश्रू. तुमची घडी बसेपर्यंत आम्ही तुमची चाकरी करू, असे ते म्हणाले. त्याने ते मानले नाही, आणि इलिनॉयमध्ये पोहोचल्यावर प्रत्येक कुटुंबप्रमुखास १६० एकर जमीन दिली.

मुक्तीच्या वेळी जामीनखत लिहून दिले नाही, या सबबीवर पुढे त्याच्यावर फिर्याद झाली व २,००० डॉलर दंड बसला. तो वरिष्ठ न्यायालयाने रद्द केला. दरम्यान १८२२ मध्ये तो इलिनॉयचा गव्हर्नर झाला होता, आणि राज्यघटना बदलून तेथे गुलामगिरी आणू पाहणाऱ्यांशी झुंजताना त्याने आपले वेतनही खर्ची घातले. १८२४ च्या मतदानात ६,६४० विरुद्ध ४,९७२ मतांनी तो डाव फसला.

कोल्सला जे जमले ते जेफर्सनला अशक्य नव्हते. ते महाग होते, आणि ती किंमत त्याने दिली नाही. कर्जात बुडालेला जेफर्सन ४ जुलै १८२६ रोजी निवर्तला. मृत्युपत्राने त्याने पाच जणांना मुक्त केले. जानेवारी १८२७ मध्ये त्याच्या मॉन्टिसेलोच्या वाड्यावर १३० स्त्री-पुरुष व मुले लिलावास काढण्यात आली.