गिझरची कॉइल आणि मीटरची बीप

माळ्यावरून खाली काढलेला पाणी तापवायचा रॉड, उन्हाळाभर बंद असलेला गिझर, कपाटामागे पडलेली जुनी इस्त्री. थंडी पडली की घराघरांतून एकच निदान ऐकू येतं, ‘कॉइल शॉर्ट झालीय.’ वायरमन येतो, मल्टिमीटर बीपवर लावतो आणि दोन टोकांना प्रोब टेकवतो. बीप वाजली, म्हणजे कॉइल शॉर्ट. वायरमन दुसरा असेल तर त्याच बीपवर कॉइल चांगली! खरं तर नुसत्या बीपवरून यातलं काहीच ठरत नाही. बहुतेक मीटर 30 ते 50 ओहमच्या आत काहीही आलं की वाजतात आणि गिझरची धडधाकट कॉइलही त्याच पट्ट्यात येते.

तेव्हा बीप सोडून आकडा बघायचा. पण तो किती यायला हवा, हे आधी कागदावर मांडलेलं असावं. 230 चा वर्ग 52,900. त्याला उपकरणावर छापलेल्या वॉटने भागलं की ओहम मिळतात. 2000 वॉटच्या गिझरला साडेसव्वीस, 1500 वॉटच्या रॉडला पस्तीस, 1000 वॉटच्या इस्त्रीला त्रेपन्न. मीटरवर याच्या आसपास आलं तर तार शाबूत. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली. बरंच कमी आलं तर मधले काही वेढे एकमेकांना टेकलेले. मग वीज त्यांना वळसा घालून जाते, प्रवाह वाढतो आणि उरलेली तार नको तेवढी तापते.

हा हिशेब थंड कॉइलवरही जमतो, याचं श्रेय नायक्रोमला. अमेरिकन धातुतज्ज्ञ अल्बर्ट मार्श यांनी 1906 मध्ये पेटंट घेतलेला हा निकेल आणि क्रोमियमचा मिश्रधातू. तांब्याच्या साठपटीहून जास्त अडथळा करतो, आणि लालबुंद झाला तरी त्याचा रेझिस्टन्स काही टक्क्यांपलीकडे वाढत नाही. वर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर धरतो, म्हणून हवेत जळून जात नाही. जुन्या पिवळ्या बल्बला हेच सूत्र लावाल तर फसाल. 100 वॉटच्या बल्बचा हिशेब 529 ओहम सांगतो आणि मीटर चाळीसेक दाखवतं, कारण टंगस्टन तापल्यावर त्याचा रेझिस्टन्स दहापटींहून जास्त वाढतो.

आकडा बरोबर आला, तरी काम अर्धंच झालं. गिझरमध्ये खरा घोटाळा बहुधा कॉइलच्या दोन टोकांमध्ये नसतो; तो कॉइल आणि तिच्यावरची धातूची नळी यांच्यामध्ये असतो. या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासून भरलेली असते. उष्णता जाऊ देणारी आणि वीज अडवणारी अशी ही मोठी गुणी वस्तू. तिचा अवगुण एकच, ती ओल शोषते. टोकाचं सील तडकलं, किंवा बोअरच्या जड पाण्याचा क्षार नळीवर चढून ती जास्त तापली आणि फुटली, की ओल आत शिरते आणि वीज भुकटीतून नळीला, तिथून पाण्याला भिडते.

याची पहिली खूण बोर्डावर दिसते. एमसीबी पडला तर प्रवाह फार वाढला, म्हणजे बहुधा सरळसरळ शॉर्ट. ज्याला सगळे ईएलसीबी म्हणतात तो पडला, तर वीज भलत्या वाटेने जमिनीत जातेय. घरातला ईएलसीबी साधारणपणे 30 मिलिअँपिअरवर पडतो. एवढीशी गळती 230 व्होल्टवर होते. मल्टिमीटर मात्र चाचणीला जेमतेम काही व्होल्ट लावतो, म्हणून त्याला ती कित्येकदा दिसतच नाही. त्यासाठी 500 व्होल्ट लावून गळती तपासणारा मेगर लागतो. वायरमनच्या पिशवीत तो क्वचितच सापडतो, याचं मला आश्चर्य वाटतं.

गिझरचं बटण बंद असताना, मिक्सर सुरू केला की ईएलसीबी पडतो, अशीही तक्रार असते. बिचारा मिक्सर बदलला जातो. साधं बटण फक्त फेज तोडतं. न्यूट्रल जोडलेलाच राहतो. कॉइलचं न्यूट्रलकडचं टोक नळीला टेकलं असेल, तर मिक्सरचा परतीचा थोडा प्रवाह गिझरमार्गे अर्थिंगमध्ये जातो. म्हणून शोध घेताना बटणावर भरवसा ठेवू नये, प्लगच काढावा. कॉइल तपासताना तिच्या दोन्ही वायरीही सोडवाव्यात.

उघड्या कॉइलच्या शेगडीची दुरुस्ती तर घरीच होते. तुटलेली टोकं ओढून एकमेकांत अडकवायची. पण त्यात दहावा भाग तार गेली, तर 2000 वॉटची शेगडी 2200 च्या वर जाते आणि सांधा आधी जळतो. महिन्याभरात पुन्हा तेच.

ओहम फारच कमी असतील तर मीटरचीच परीक्षा होते. परदेशात ई-सिगारेटचे काही शौकीन तिची कॉइल स्वतः वळतात. आपल्याकडे 2019 च्या कायद्याने या वस्तूचं उत्पादन आणि विक्री बंद आहे, आणि ते बरंच आहे. ती कॉइल साधारण अर्ध्या ओहमची, 4 व्होल्टच्या लिथियम सेलमधून 8 अँपिअर ओढणारी. तारेचं कापलेलं टोक धातूच्या बैठकीला टेकलं, तरी सेलला न पेलणारा प्रवाह वाहू लागतो. मीटरच्या वायरींचाच रेझिस्टन्स 0.2-0.3 ओहम असतो, म्हणून आधी प्रोब एकमेकांना टेकवून तेवढा वजा करावा लागतो. गिझरच्या सव्वीस ओहममध्ये मात्र हा फरक दुर्लक्ष करण्याजोगा.

ईएलसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून सरळ तार जोडून देणारे महाभाग आहेत. त्यांना तसं करू देऊ नका. गिझरचं नवं एलिमेंट काहीशे रुपयांत मिळतं. आणि ईएलसीबीवर चाचणीचं एक छोटं बटण असतं. ते आजच दाबून बघा. दाबल्यावर तो पडला नाही, तर गिझरच्या आधी तो बदला.