कबड्डीतील दम आणि प्रेक्षकांचा घोष
कबड्डीतील ‘दम’ हा अर्थशून्य, परंतु साक्षीरूप उच्चार होय. शब्द अखंड चालू आहे तोवर चढाई करणाऱ्याने नवा श्वास घेतलेला नाही, हे पंचाला त्यावरून कळते. जुन्या ‘हुतूतू’तील हकार श्वास सढळ हाताने खर्च करतो, ‘कबड्डी’तील द्वित्त डकार तो क्षणभर अडवून धरतो. म्हणून सरावात पायांइतकीच मेहनत जिभेलाही हवी, ही गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. दक्षिण सोलापुरातील मंद्रूपसारख्या मराठी-कन्नड संपर्कातल्या गावी प्रेक्षक दोन्ही भाषांत ओरडले, तरी अडचण भाषेची नव्हे. घोषात दम बुडाला की पंचाचा कान निरुपयोगी ठरतो. २०१४ पासूनच्या प्रो कबड्डीत चढाईस ३० सेकंदांची मर्यादा आहे. दमाचा नियम टिकला. पण चढाई किती वेळ चालावी, हे आता श्वासाऐवजी घड्याळ ठरवते.