कोल्हापूरच्या मटणाचा भाव दुबईत ठरत नाही

 मटणाच्या भावासाठी लोक रस्त्यावर उतरले ते कोल्हापुरात. २०१९ च्या अखेरीस तिथे मटण किलोला ६०० रुपयांच्या घरात गेले. आंदोलन झाले, दुकाने बंद राहिली आणि शेवटी ५२० रुपयांवर तोडगा निघाला. तांबडा-पांढरा रस्सा हा तिथे चैनीचा विषय नाही, त्यामुळे हे सगळे ओघानेच आले. पण मटण महागले की महाराष्ट्रात कुठेही एक कारण हमखास ऐकू येते: चांगला माल परदेशी जातो, म्हणून आपल्याला महाग पडतो. अलीकडे त्याला उलट बाजूची भीतीही जोडली गेली आहे, की परदेशातले गोठवलेले मांस स्वस्तात येईल आणि इथला मेंढपाळ बुडेल. माझ्या मते आज या दोन्ही समजुती आकड्यांपुढे टिकत नाहीत.

निर्यातीपासून सुरुवात करू. केंद्राच्या ‘अपेडा’ या संस्थेच्या आकडेवारीनुसार २०१९-२० मध्ये, म्हणजे कोल्हापुरात भाव पेटला त्याच वर्षी, भारतातून शेळ्या-मेंढ्यांचे १४,१२९ टन मांस बाहेर गेले आणि त्याचे ६४६.६९ कोटी रुपये आले. भागाकार केला तर किलोला सुमारे ४५८ रुपये पडतात. या भावात कत्तलखाना, थंड करण्याचा खर्च, पॅकिंग आणि विमानतळापर्यंतची वाहतूक धरलेली असते. म्हणजे सगळा खटाटोप करून निर्यातदाराच्या हाती सरासरी ४५८ येत होते आणि कोल्हापूरचा गिऱ्हाईक कोपऱ्यावरच्या दुकानात ५२० मोजायला तयार होता. माल ओढून नेण्याची ताकद कुणाच्या खिशात जास्त होती, हे उघड आहे. शिवाय प्रमाण पाहा. देशात २०२३-२४ मध्ये १०२.५ लाख टन मांस झाले, त्यात शेळ्या-मेंढ्यांचा वाटा चौथ्या हिश्शाहून थोडा अधिक. निर्यात दहा-पंधरा हजार टन धरली तरी शंभरात एक किलोसुद्धा बाहेर जात नाही.

यावर जाणकार हरकत घेईल की सरासरी फसवी असते. ते खरेच आहे. अख्खे धड, हाडासकट तुकडे आणि बिनहाडाचे मांस यांचे भाव वेगळे, आणि एका वर्षी कोणता माल जास्त गेला त्यावर सरासरी वरखाली होते. रुपयाचा घोळ तर आणखी मोठा. २०२२-२३ मध्ये ९,५९२ टनांचे ५३७.१८ कोटी आले, म्हणजे किलोला ५६० रुपये. तीन वर्षांत २२ टक्के वाढ. पण डॉलरमध्ये मोजले तर भाव ६.४२ वरून ६.९४ वर गेला, म्हणजे वाढ जेमतेम ८ टक्के. उरलेली वाढ डॉलर ७१ रुपयांवरून ८० वर गेल्याची. आखातातला गिऱ्हाईक फारसे जास्त देत नव्हता, आपला रुपया घसरला होता. आणि निर्यातीने खरेच भाव चढत असेल, तर निर्यात आटली की तो उतरायला हवा. २०२०-२१ मध्ये ती निम्म्यावर, ७,०५१ टनांवर आली, तरी मुंबई-पुण्यात मटण उतरले नाही, उलट चढले. टाळेबंदीत वाहतूक कोलमडली होती, हे मान्य. पण त्यातूनही हेच निघते की आपला भाव देशातल्या आवकेवर हलतो.

आता आयात. मांस गोठवून दूर नेण्याचा धंदा न्यूझीलंडने जगाला दाखवला: १८८२ मध्ये ‘डनेडिन’ हे जहाज गोठवलेली धडे घेऊन ९८ दिवसांत इंग्लंडला पोचले. आज मेंढीच्या मांसाचा जागतिक व्यापार मुख्यतः ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या हातात आहे, आणि सर्वांत मोठा खरेदीदार चीन. गंमत अशी की मेंढ्यांची संख्या आपल्याकडेही कमी नाही. २०१९ च्या पशुगणनेत त्या ७ कोटी ४३ लाख भरल्या. ऑस्ट्रेलियाचा कळपही सात कोटींच्या पुढे आहे. पण तिथल्या कोकराचे धड २४ किलोच्या आसपास भरते आणि आपल्या मेंढीचे त्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यात लाळ-खुरकुत या जनावरांच्या रोगामुळे अमेरिका, युरोप, जपान ही श्रीमंत दारे आपल्याला बंद, म्हणून आपला माल बहुतांशी आखातातच जातो, आणि त्यातला बराचसा गोठवलेला नव्हे तर नुसता थंड केलेला असतो.

२९ डिसेंबर २०२२ ला ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार अमलात आला आणि तिथल्या मेंढीच्या मांसावरचे ३० टक्के आयात शुल्क एका दिवसात शून्यावर आले. पुढच्याच वर्षी कोरड्या हंगामाच्या धास्तीने तिथल्या शेतकऱ्यांनी कळप विकायला काढले आणि कोकराचे भाव कोसळले. शुल्क नाही आणि माल स्वस्त, असा दुहेरी योग. तरी दादर किंवा कोल्हापूरच्या एकाही खाटकाच्या फळ्यावर आकडा खाली आल्याचे ऐकिवात नाही. कारण गोठवलेले कोकरू इथे येते ते मोठ्या हॉटेलांच्या शीतपेटीत, चॉप आणि रॅकच्या रूपात. घरचा गिऱ्हाईक डोळ्यांसमोर टांगलेले धड पाहतो, ‘मांडीचं द्या, थोडी चाप घाला’ म्हणतो आणि नळी मागून घेतो. उणे १८ अंशांवरचा ठोकळा त्याच्या हिशेबातच नाही. २०२५ मध्ये तर ऑस्ट्रेलियातले भाव उसळून विक्रमी पातळीला गेले, तेव्हा स्वस्ताईची भीती तूर्त आपोआप मिटली.

पण मेंढपाळाची धास्ती अगदी निराधार म्हणता येत नाही. लोकरीत हे घडून गेले आहे. परदेशी मऊ लोकर आणि कृत्रिम धागा आला आणि दख्खनी मेंढीच्या खरखरीत लोकरीला गिऱ्हाईक उरले नाही. कातरणीचा खर्चही निघेना. ब्रिटनबरोबरच्या २०२५ च्या करारातही कोकराच्या मांसाला सवलत आहे. उद्या स्वस्त बिर्याणीवाले आणि लग्नाचे केटरर बिनहाडाच्या गोठवलेल्या मांसाकडे वळले, तर माझे म्हणणे बदलावे लागेल. मात्र ताजे मांस लोकरीसारखे वर्षभर गोदामात पडून राहत नाही, आणि त्याला जास्त पैसे मोजण्याची इथली सवय जुनी आहे. ती मोडायला नुसता करार पुरणार नाही.

मग महागाई येते कुठून? लोणंदच्या बाजारात पाहावे. व्यापारी मेंढराच्या कमरेवर, मणक्याच्या दोन्ही बाजूंना बोटे रुतवतो, मांस किती चढले त्याचा अंदाज घेतो आणि नगावर बोली करतो. जिवंत वजनातले निम्म्याहून कमीच मटण म्हणून विकले जाते. मुंडी, पाय, वजडी आणि कातडे यांवर खाटकाचा उरलेला हिशेब बसे. कातड्याचे भाव पडले आणि तो तोटा मटणाच्या किलोवर चढला. कोल्हापूरच्या वादातही विक्रेते हेच सांगत होते. दुसरीकडे माण, खटाव, जतच्या धनगरांना चराईची राने आणि पडीक जमिनी कमी पडत चालल्या आहेत. राज्यात मेंढ्या साधारण २७ लाखच, आणि दख्खनी मेंढी बहुधा एका वेळी एकच कोकरू देते.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नेमका याच जागी हात घातला. सुंदरबनातल्या छोट्या गरोल मेंढीत जुळी कोकरे देणारे जनुक असते. ते दख्खनी मेंढीत आणून तिथे ‘नारी सुवर्णा’ तयार झाली. पण जुळी जगवायची तर मेंढीला जास्त दूध हवे, त्यासाठी खुराक हवा, आणि रानोमाळ चालणाऱ्या कळपात दुबळे कोकरू मागे पडते. राज्याच्या महामेष योजनेत २० मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर मिळतो. त्यांना चरायला रान कुठले, हा प्रश्न धनगराचा धनगरालाच सोडवावा लागतो.