वासोट्याची आखणी

सहलीची आखणी म्हणजे गाडी ठरवणे आणि वर्गणी गोळा करणे, अशी माझी समजूत होती. वासोट्याने ती मोडली.

सातारा जिल्ह्यातील हा किल्ला कोयनेच्या शिवसागर जलाशयापलीकडे, दाट अरण्यात आहे. १८१८ मध्ये इंग्रजांनी शेजारच्या जुन्या वासोट्यावरून तोफा डागून तो घेतला. आज हे अरण्य सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. आमच्या सांगलीकडचे चांदोलीही त्यातच. म्हणून वनखात्याची परवानगी हवी, गडावर मुक्कामाला मनाई आणि पावसाळ्यात वाट बंद.

एका लाँचमध्ये मावतील इतकेच, अकराजण, आम्ही आदल्या रात्री साताऱ्यात उतरलो. पहाटे कासमार्गे बामणोली गाठली. लाँचमध्येच वाटाड्या मामांनी वेळ उलटी मोजायला शिकवले : अंधारापूर्वी बामणोली, त्यासाठी चार वाजता लाँच, त्यासाठी एक वाजता, असू तेथून, माघार.

एक वाजला तेव्हा माथा अर्ध्या तासावर होता. एका मैत्रिणीचा गुडघा सुजला होता. निदान काहींनी तरी वर जावे, असा हट्ट मीच धरला. मामा म्हणाले, "गड कुठं पळून जात न्हाय. संगं आलाय, संगंच उतरा."

तिला आळीपाळीने आधार देत उतरायला दुप्पट वेळ लागला. लाँच सुटली तेव्हा पाण्यावरचे ऊन निघून गेले होते. माझा हट्ट चालला असता, तर?

पुढील वर्षी जाणाऱ्यांनी वर्गणीच्या वहीत पहिल्या पानावर परतीची वेळ लिहावी.