सम्राट अशोक विमानाची हकीकत

संध्याकाळी शेतातून परतताना कधी कधी आपल्या ढाणकीच्या आभाळात एक लांब पांढरी रेघ दिसते. रेघेच्या टोकाला विमान असते. ते इतके उंच असते की, आवाज मागून येतो. एकदा आम्ही असेच पाहत उभे होतो. शेजारच्या शेतकरी बांधवाने विचारले, "गुरुजी, बैलाचं वय दातावरून समजते. विमानाचं कशावरून समजते जी?"

प्रश्न नामी होता. विमानाला दात नसतात, पण त्याची वही असते. ते कधी तयार झाले, किती तास उडाले, कोणता भाग कधी बदलला, सारे तिच्यात लिहितात. शिवाय प्रत्येक विमानाला नंबर असतो. आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या मोटारीवर एमएच २९ असते ना, तशी भारतातल्या विमानावर व्हीटी ही अक्षरे असतात. आज आपण व्हीटी-ईबीडी या एका विमानाची हकीकत पाहू. त्याचे नाव 'सम्राट अशोक'.

हे विमान १९७१ साली अमेरिकेत बोइंग कंपनीच्या कारखान्यात तयार झाले. जात होती बोइंग ७४७. लोक तिला जंबो म्हणत. लांबी सुमारे २३० फूट, म्हणजे एकामागे एक उभ्या केलेल्या सहा एसटी गाड्या! शेपटीची उंची ६३ फूट. इंजिने चार आणि चाके अठरा. तीनशेहून जास्त माणसे एका वेळी बसत.

एप्रिल १९७१ मध्ये ते मुंबईला आले. एअर इंडियाचे हे पहिले जंबो. एअर इंडिया त्या वेळी सरकारी होती. तिचे अध्यक्ष जे. आर. डी. टाटा होते. याच टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपालाचे विमान स्वतः चालवत आणले होते. जंबोच्या प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून राजवाड्याच्या झरोक्यासारखी नक्षी रंगवली होती. त्याला आकाशातला महाल म्हणत. त्याचे चित्र पाहिले की आम्हांला पोळ्याचा सजवलेला बैल आठवतो.

पुढे ते लंडन, न्यूयॉर्क अशा लांबच्या वाटेने जाऊ लागले. त्या वर्षांबद्दल फार सांगण्यासारखे नाही. रोज इमानाने राबणाऱ्याची बखर कोण लिहितो?

१ जानेवारी १९७८. नव्या वर्षाचा पहिला दिवस. रात्रीचे पावणेनऊ वाजत आले होते. सांताक्रूझच्या विमानतळावरून सम्राट अशोक दुबईला निघाले. १९० उतारू आणि २३ कर्मचारी आत होते. विमान समुद्राकडे गेले, थोडे उजवीकडे वळले, सरळ झाले. मग ते डावीकडे कलू लागले. कलतच गेले. दोन मिनिटेही झाली नव्हती, तोच ते वांद्र्याच्या किनाऱ्यापासून जवळच समुद्रात कोसळले. २१३ पैकी एकही जण वाचला नाही.

पहिल्यांदा संशय आला घातपाताचा. पण विमानात दोन पेट्या असतात. एकीत चालकांचे बोलणे उमटते, दुसरीत विमानाची उंची, वेग वगैरे. त्यांना काळी पेटी म्हणतात, रंग मात्र नारिंगी असतो. समुद्राच्या तळातून त्या काढल्या आणि खरे कारण कळले. स्फोट झालाच नव्हता.

ते कारण नीट समजून घेऊ. लहान पोर गरगर फिरून एकदम थांबलं की त्याला वाटतं, जमीनच फिरते आहे. आपल्या कानाच्या आत बारीक नळ्या असतात व त्यांत पाणी असते. तोल त्यावरून कळतो. पण ते पाणी फसवते. दिवसा डोळे सांभाळून घेतात. रात्री समुद्रावर वर अंधार, खाली अंधार! विमान हळूहळू कलले तरी अंगाला कळत नाही.

म्हणून चालकापुढे एक यंत्र असते. त्यात वर आकाश, खाली जमीन आणि मध्ये आडवी रेघ दाखवलेली असते. विमान कलले की रेघ तिरपी दिसते. याचे मूळ तत्त्व आपल्या भोवऱ्याचे आहे. जोरात फिरणारा भोवरा आपली दिशा सोडत नाही.

त्या रात्री मुख्य चालक कॅप्टन कुकर यांच्यापुढचे यंत्र बिघडले. विमान सरळ झाले तरी ते उजवीकडे कललेलेच दाखवत राहिले. त्यांनी विमान डावीकडे घेतले. यंत्र हलेना. त्यांनी आणखी डावीकडे घेतले. शेजारच्या सहचालकाचे यंत्र खरे सांगत होते, पण त्यांना वाटले, आपलेही बिघडले. तिसरे यंत्र मधोमध होते. विमानातल्या इंजिनिअरने, त्या बिघडलेल्या यंत्रावर जाऊ नका, असे सांगितले. तोवर वेळ उरली नव्हती.

कापूस मोजताना दोन काटे वेगवेगळे वजन दाखवू लागले तर आपण तिसऱ्या काट्यावर मोजतो. चालकांनी तेच करायला हवे होते, असे चौकशीत ठरले. ते खरेच आहे. पण कापूस मोजताना आपल्यापाशी सारा दिवस असतो. त्यांच्यापाशी काही सेकंद होते. कॅप्टन कुकर १९५६ पासून एअर इंडियात होते, नवखे नव्हते. घरी बसून त्यांना अडाणी म्हणणे आम्हांला पटत नाही.

आजच्या विमानांत दोन यंत्रांचे जमेनासे झाले की लगेच तशी सूचना उमटते. चालकांनाही शिकवतात की, अंगाला काय वाटते ते सोडा, सगळी यंत्रे ताडून पाहा.

आता त्या शेतकरी बांधवाच्या प्रश्नाकडे येऊ. असे विमान नीट राखले तर पंचवीस-तीस वर्षे सहज चालते. सम्राट अशोकचे वय सात वर्षेही नव्हते. त्याच्या जातीची विमाने एअर इंडियाकडे पुढे पुष्कळ वर्षे होती. त्यांतले शेवटचे २२ एप्रिल २०२४ रोजी मुंबईहून उडाले, ते विकले गेले होते.