शंभर टक्के बंद रक्तवाहिनी : घाई नको, विचारून ठरवा



ऊसनोंदीसाठी शिवारात हिंडताना एका सभासदांनी बांधावर बसवून घेतले आणि अँजिओग्राफीचा कागद दाखवला. "साहेब, हृदयाची एक वाहिनी शंभर टक्के बंद म्हणतात. एकरभर रान विकू का?" मी काही डॉक्टर नव्हे. पण जाणकारांकडून समजून घेतले, ते आपल्यापुढे मांडतो.

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या म्हणजे आपल्या चाऱ्याच. चारी एकाएकी तुंबली की हार्ट अटॅक. तिथे मिनिटही दवडू नये, थेट दवाखाना गाठावा. पण तीन महिने किंवा जास्त काळ पूर्ण बंद असलेल्या वाहिनीची गोष्ट निराळी. ती हळूहळू बुजते, तोवर शेजारच्या वाहिन्यांकडून बारीक आडवाटा तयार होतात. त्या पाझरावर स्नायू तग धरतो. मात्र चढ चढताना, ओझे उचलताना पुरवठा कमी पडतो, छाती दुखते, दम लागतो.

१९७७ साली झुरिच येथे डॉ. आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याने हृदयाची अरुंद वाहिनी प्रथम रुंद केली. पूर्ण बंद वाहिनीत फुगा जाणार कुठून? आधी बारीक तार पलीकडे न्यावी लागते. मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून ती तार कठीण थरातून पुढे सरकवतात. समोरून वाट मिळाली नाही तर आडवाटेने मागून आणतात. ही रीत वाढवण्यात जपानी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. तार पार झाली की फुगा, मग स्टेंट.

काम कधी दोन-तीन तास चालते, आणि दर वेळी साधतेच असे नाही. वाहिनीला छिद्र पडणे, मूत्रपिंडावर ताण येणे हे धोके आहेत. फायदा म्हणाल तर त्रास कमी होतो. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातील चाचणीत तसेच दिसले. आयुष्य वाढते, असे मात्र सिद्ध झालेले नाही.

म्हणून हृदयतज्ज्ञांना चार प्रश्न विचारा. माझा त्रास याच वाहिनीमुळे आहे का? तिथला स्नायू जिवंत आहे का? गोळ्यांनी भागेल, की बायपास बरा? अशा वाहिन्या आपण नेहमी उघडता का? स्टेंट बसल्यावर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. तंबाखू-विडी सोडाच. बसल्या जागी छाती दुखू लागली तर मात्र थांबू नका.

त्या सभासदांनी हे प्रश्न विचारले. आधी गोळ्या वाढवून पाहायचे ठरले. रान अजून त्यांच्याच नावावर आहे, आणि यंदा त्यात आडसाली लागण उभी आहे.

आपला,
ऊस विकास अधिकारी